आडवी बाटली आणि गावची यादी

निंदण करून घरी आल्या असाल, चूल पेटवता पेटवता रेडिओ लावला असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

मी बचत गटांची सहयोगिनी. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावांमधून फिरते. मागच्या महिन्यात एका गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, वहीत सह्या झाल्या, आणि एक बाई म्हणाली, "ताई, दारूबंदी होती तवा माह्या नवऱ्यानं काही सोडली नाही. फक्त दुप्पट पैसे द्याले लागत. उठली ते बरंच झालं."

तिच्या बाजूला बसलेली आजी एकदम चिडली. "बरं झालं? ह्या बंदीसाठी आम्ही नागपूरपर्यंत पायी गेलो होतो, बाई!"

बैठक तिथंच थांबली. कुणाला काय बोलावं सुचेना, कारण खरं तर दोघींचंही होतं. आज त्याच विषयावर बोलू या.

आजी म्हणाली ते खरं आहे. डिसेंबर २०१० मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या बायका चिमूरहून नागपूरला विधानसभेवर पायी गेल्या होत्या. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, वर्ध्यात त्याच्याही आधीपासून. मग आम्हालाच का नाही, असा त्यांचा प्रश्न होता. १ एप्रिल २०१५ पासून आपल्याकडे बंदी लागू झाली. सहा वर्षांनी, मे २०२१ मध्ये, सरकारनं ती उठवली. अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, बायका आणि लहान मुलं त्या धंद्यात ओढली गेली, अशी कारणं सांगितली गेली.

ही कारणं खोटी नव्हती. आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे वणी, तिथं दारू खुली. खाली तेलंगणात खुली. मोटरसायकलवर, भाजीच्या पोत्यात, दुधाच्या कॅनमध्ये दारू यायची. आणि पकडलं कोण जायचं? पिशवी नेणारं शाळकरी पोरगं, नाहीतर दोन लेकरं पोसणारी एकटी बाई. माल पाठवणारा मोठा माणूस कधी कुणाला दिसला नाही. त्यामुळे लोक कायद्यालाच कंटाळले. पिणारे तर चिडलेच, पण न पिणारेही म्हणू लागले, असा कायदा काय कामाचा?

तसं पाहिलं तर १९४९ चा दारूबंदी कायदा आजही साऱ्या महाराष्ट्राला लागू आहे. त्या कायद्याप्रमाणे दारू प्यायला परवाना लागतो. तुमच्या गावात किती जणांकडे परवाना आहे, विचारून पाहा. लोक हसतील. कुणी पाळत नाही आणि कुणी विचारत नाही, अशा कायद्याचा मान राहत नाही.

पण मैत्रिणींनो, "बंदी नीट राबवली नाही" हे एक, आणि "दारू काही वाईट नाही" हे दुसरं. पहिल्यावरून दुसरं म्हणायला आपण तयार होऊ नये. बंदीच्या पहिल्या काही महिन्यांत बाजाराच्या दिवशी मजुरी घरापर्यंत येत होती, हेही याच बैठकीत तीन-चार जणींनी सांगितलं. आपल्याला कायदा हवा होता तो कागदासाठी नाही. मजुरी घरी यावी आणि रात्री मार बसू नये, यासाठी हवा होता. ती गरज २०२१ मध्ये उठली नाही.

मग आता हातात काय आहे? एक गोष्ट आहे. तुमच्या गावात परवान्याचं दुकान असेल, तर ते बंद करण्यासाठी बायकांना मतदान मागता येतं. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींनी सही करून अर्ज द्यायचा. सह्यांची तपासणी होते, मग गुप्त मतदान. दुकान राहू द्यायचं तर उभी बाटली, बंद करायचं तर आडवी बाटली.

आता नीट ऐका. आलेल्या मतांमध्ये आडवी बाटली पुढे असली, एवढ्यानं भागत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा यादीत ६०० बायका आहेत. मतदानाला ३५० आल्या. २९० जणींनी आडवी केली, ६० जणींनी उभी. तरी आपण हरलो, कारण ३०१ हव्या होत्या.

आमच्या एका गावात असंच झालं. नंतर आम्ही यादी घेऊन ओट्यावर बसलो. वारलेल्या सासवा यादीत होत्या. लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या मुली होत्या. आणि कितीतरी जणी मिरची तोडायला तेलंगणात गेल्या होत्या. न आलेल्या प्रत्येक नावाचा फायदा दुकानाला झाला होता.

म्हणून सांगते, अर्जाच्या आधी यादी. गावच्या बीएलओकडे यादी मागा आणि गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. वारलेल्या आणि कायमच्या गेलेल्या नावांसाठी नमुना ७ चा अर्ज. नवीन सुनेचं नाव दुसरीकडे असेल तर ते इकडे आणायला नमुना ८, आणि अठरा पूर्ण झालेल्या मुलीसाठी नमुना ६. कामाला गेलेल्या बहिणीचं नाव मात्र कापायचं नाही. ती परत येणार आहे. मिरची संपून सगळ्या घरी आल्या की मगच मतदान पडेल, अशा बेतानं अर्ज द्या.

हे झालं परवान्याच्या दुकानाचं. चोरून विकणाऱ्यासाठी मतदान नसतं. तिथं ११२ ला फोन करा, पण एकटीनं नाही, गटानं मिळून. आणि ज्याला दारू सुटत नाही तो आजारी आहे, हेही लक्षात ठेवा. व्यसन सोडवण्यासाठी १४४४६ हा फुकट फोन आहे. तिथं घरच्या बाईलाही बोलता येतं.

त्या बैठकीतल्या बाईचं सांगायचं राहिलं. तिच्या गावात बस थांब्याजवळचं देशी दारूचं दुकान बंदी उठल्यावर पुन्हा सुरू झालं आहे. यादी वाचताना तिच्या सासूचं नाव आलं. सासू जाऊन तीन वर्षं झाली. ती काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ताई, तो सात नंबरचा अर्ज मला द्या. बंदीनं माह्या घरी काही केलं नाही, पण हे नाव तर मी कापू शकते."

आजीनं तिला स्वतःचा पेन दिला.

पुढच्या बैठकीला तुम्हीही यादी घेऊन बसा. नमस्कार.