निवळलेलं पाणी



आश्विन लागला की पुण्यातल्या माणसांचे पाय घरात ठरत नाहीत. चार महिने पावसानं कोंडून ठेवलेलं असतं. एका सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं दिसतं, उन्हाला हळदीचा रंग येतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘चला, मुळशीला जाऊन येऊ.’ मग दुचाक्या, चारचाक्या, पोरंबाळं आणि डबे घेऊन सगळे पौड रस्त्याला लागतात. माझं मूळ गाव म्हसळ्याच्या बाजूला. पुण्याहून गावी जायची आमची वाट हीच. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड, मग मुळशीचं पाणी, ताम्हिणी घाट आणि खाली उतरलं की विळे, निजामपूर, माणगाव. ईदला गेलो, लग्नाला गेलो, मयतीला गेलो, ते याच रस्त्यानं. एसटीच्या खिडकीतून पाहिला, आता भाच्याच्या गाडीतून पाहतो. आज या रस्त्याबद्दल, त्याच्या कडेच्या पाण्याबद्दल आणि शरद ऋतूबद्दल थोडं बोलायचं आहे.

परदेशातल्या कॅलेंडरवर शरदाची चित्रं आपण पाहतो. लाल, केशरी, तांबूस पानांची झाडं, खाली पानांचा गालिचा आणि मागं एखादं तळं. आपल्या सह्याद्रीतला शरद असा नाही. आपली झाडं या दिवसांत हिरवीगार असतात. त्यांची पानगळ पुढं, शिशिरात. आपल्याकडे शरदात रंग बदलतं ते गवत. सप्टेंबरअखेरीपर्यंत पोपटी असलेले डोंगरउतार ऑक्टोबरमध्ये आधी पिवळट, मग सोनेरी आणि दिवाळीपर्यंत कोल्ह्याच्या अंगासारखे होतात. त्या गवतात सोनकीची पिवळी फुलं, ओलीच्या जागी राहिलेला गुलाबी तेरडा, बांधावर कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे. खाचरांत भात पोटरीतून बाहेर पडून ओंब्यांच्या भारानं वाकलेलं. मुळशीच्या आंबेमोहोराचं नाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तो पिकायला लागला की गाडीच्या काचा खाली कराव्यात. वारा अनुकूल असेल तर वास येतो, आणि मग पुढच्या वळणापर्यंत गाडीत कुणी बोलत नाही.

पौड सोडून थोडं पुढं गेलं की उजव्या हाताला पाणी दिसू लागतं. मग कितीतरी वेळ ते सोबत करतं. एका वळणावर लपतं, दुसऱ्या वळणावर पुन्हा समोर येतं. सकाळी लवकर निघालात तर त्यावर धुकं बसलेलं असतं आणि डोंगरांचे नुसते माथे तरंगताना दिसतात. ऊन चढलं की धुकं उठतं. पलीकडचे डोंगर पाण्यात उलटे उभे राहतात. तारेवर खंड्या बसलेला असतो, वेडा राघूंची ये-जा चालू असते. या पट्ट्यात पाऊस म्हणजे चेष्टा नाही. ताम्हिणीला वर्षाला 5 हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. जुलैमध्ये हेच पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं असतं. शरदात त्यातली माती खाली बसते आणि पाणी निवळतं. आपल्या जुन्या लोकांनी शरदाचं लक्षण हेच सांगितलं, की या ऋतूत पाणी निवळतं. मनही निवळावं, अशी त्यामागची अपेक्षा असावी.

तर अशा निवळलेल्या पाण्याच्या काठी, दोनेक वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमध्ये, भाचा म्हणाला, ‘मामू, इथं थांबू या का? फोटो भारी येईल.’ थांबलो. वळणावर एक म्हातारी बाई काकड्या आणि उकडलेल्या शेंगा घेऊन बसली होती. भाचा फोटो काढायला पुढं गेला. मी शेंगा घेतल्या आणि विचारलं, ‘मावशी, गाव कोणतं तुमचं?’

तिनं आधी मागच्या टेकाडाकडे बोट केलं. मग तेच बोट फिरवून पाण्याकडे नेलं. ‘आत्ता ऱ्हातो ते वर. आमचं गाव तितं हाय, पान्यात.’

‘तुम्ही पाहिलं होतं?’

‘न्हाय ओ दादा. माझ्या सासूची सासू जातं डोक्यावर घेऊन वर आली म्हनं. उन्हाळ्यात पानी उतारलं का खाचरांचे बांध दिसत्यात. ते आमचे.’

एवढंच बोलणं झालं. पण ‘होते’ न म्हणता ती ‘ते आमचे’ म्हणाली, ते माझ्या कानात राहिलं.

श्रोतेहो, मुळशीचं हे पाणी म्हणजे निसर्गानं तयार केलेलं तळं नव्हे. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात बांध घालून अडवलेलं हे पाणी आहे. मुंबईतल्या कापडगिरण्या वाफेवर चालत, त्यांना वीज हवी होती. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी साठवायचं आणि कोकणात सोडून त्यावर वीज करायची, ही टाटांची कल्पना. त्यातून 1915 मध्ये खोपोलीचं आणि 1922 मध्ये भिवपुरीचं वीजकेंद्र सुरू झालं. तिसरी पाळी मुळशीची होती. पण मुळशीचं खोरं रिकामं नव्हतं. मुळशी पेट्यातल्या 52 गावांवर या योजनेचं सावट आलं. भाताची उत्तम जमीन, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली. शिवाजी महाराजांबरोबर ज्यांचे पूर्वज लढले असे हे मावळे.

या मावळ्यांनी 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह केला. धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम थांबलं. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. बायका मागं नव्हत्या. मार खाल्ला, तुरुंगात गेल्या. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात पडले आणि इथंच ते ‘सेनापती’ झाले. हा माणूस तरुणपणी पॅरिसहून बॉम्बची विद्या शिकून आलेला, आणि कविता लिहिणारा. विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते. धरणविरोधी चळवळ म्हटलं की आपल्याला नर्मदा आठवते. मुळशीचा लढा तिच्या कितीतरी आधीचा. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा अभ्यास केला आणि इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं.

लढा 1924 पर्यंत चालला आणि मोडला. मोडण्याचं एक कारण ऐकण्यासारखं आहे. खोऱ्यातली बरीच जमीन कागदावर सावकारांच्या नावे होती. कसणारा मावळा आणि मालक पुण्यात. मालकाला मोबदला मिळणार होता. त्याच्या दृष्टीनं जमीन म्हणजे रक्कम, आणि रक्कम चांगली आली तर हरकत काय? कसणाऱ्याकडे मात्र त्या जमिनीशिवाय काही नव्हतं. तेव्हा एकाच जमिनीबद्दल दोन माणसं दोन भाषा बोलत होती, आणि कागद फक्त एकाचीच भाषा ओळखत होता. पुढं बापटांनी आगगाडी अडवली, सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण झालंच. 1927 मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं आणि मुळशीची वीज मुंबईला पोचली.

मुंबईत दादर-परळच्या बाजूला, जुन्या गिरण्यांच्या कडेनं एक लांबच लांब रस्ता जातो. पूर्वीचा तुळशी पाइप रोड. त्याचं आजचं नाव सेनापती बापट मार्ग. ज्या विजेला त्यांनी विरोध केला ती ज्या गिरण्यांसाठी होती, त्यांच्याच दारातल्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. पुण्यातही त्यांच्या नावाचा रस्ता आहे, मोठ्या दुकानांचा आणि कचेऱ्यांचा. आपण माणसांना हरवतो आणि मग त्यांच्या नावाच्या पाट्या लावतो. पाटी लावणं वाईट नाही. पण ती कधीतरी वाचावीही.

आता पाण्याची दिशा पाहा. ताम्हिणीच्या अलीकडे पडणारा पाऊस मूळचा पूर्वेकडे जाणारा. मुळा पुण्यात मुठेला भेटते, मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. मुळशीत अडवलेलं पाणी मात्र डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवतात. ते सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याला पडतं, वीज देतं आणि कुंडलिका नदीला मिळून रोह्यावरून रेवदंड्याजवळ अरबी समुद्रात जातं. कोलाडला तरुण मुलं रबरी होड्यांतून जी मौज करतात, ती भिऱ्याहून सुटलेल्या याच पाण्यावर. नदीनं जन्मापासून धरलेली वाट माणसानं बदलली. हे पाणी पूर्वेच्या दुष्काळी भागाला द्या, अशी मागणी वेळोवेळी होते. पश्चिमेच्या लोकांचाही आता त्यावर संसार उभा आहे. माझे नातेवाईक मुंबईत आहेत, रोह्याला आहेत. त्यांच्या घरातला दिवा आणि नळाचं पाणी या हिशेबाबाहेर नाही. मग माझंही नाव त्या हिशेबात आहेच.

यावर कुणी म्हणेल, ‘अहो, सुट्टीचा दिवस आहे. पोरांना जरा पाणी बघू द्या. कशाला हे सगळं काढता?’ प्रश्न रास्त आहे. आठवडाभर कामानं पिचलेल्या माणसानं मोकळ्या आभाळाखाली चार तास काढावेत, हा त्याचा हक्क आहे. ते पाणी सुंदर आहे, यातही खोटं काही नाही. पण एखाद्याच्या घरी पाहुणे म्हणून जायचं, अंगणाचं कौतुक करायचं आणि घरधन्याची चौकशीही न करता निघायचं, याला आपल्याकडे कुणी रीत म्हणणार नाही. मुळशीच्या काठावर आपण पाहुणे आहोत. घरधनी टेकाडावर राहतो. म्हातारीनं सांगितलेले बांध माहीत झाल्यावर ते पाणी मला कमी सुंदर दिसलं नाही. उलट जास्त वेळ पाहत राहिलो. कविता लिहिणाऱ्यांना तळं दिसलं की आरसा सुचतो. पण आरशात फक्त आपण दिसतो. निवळलेल्या पाण्यात तळाचं पाहता यावं.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हा रस्ता फार बदलला. टेकड्या कापून बंगले आले, रिसॉर्टं आली. त्यांची नावं इंग्रजी, आणि बहुतेक नावांत तळं किंवा दरी असतेच. रविवारी गाड्यांची रांग लागते. एक चांगली गोष्टही झाली. 2013 मध्ये ताम्हिणीचं जंगल अभयारण्य म्हणून जाहीर झालं, त्यामुळे शेकरूला थोडा आसरा मिळाला. सत्याग्रहाला 2021 मध्ये शंभर वर्षं झाली. ते साल कोरोनाचं होतं. माणसं घरात बसली होती, शताब्दी फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. पण 101 व्या किंवा 105 व्या वर्षी आठवण काढायला काही मनाई नाही.

आमच्याकडे लहानपणी एक शिकवण देत. वाहत्या नदीच्या काठी बसलात तरी वजूला पाणी जपून घ्या. नदीत पाणी भरपूर आहे, मग जपायचं कशाला, असं आम्ही मुलं विचारायचो. वडीलधारे म्हणत, ‘पाणी तुझं नाही म्हणून.’ धरणाच्या काठी उभं राहिलं की हे वाक्य आठवतं.

तेव्हा या शरदात मुळशीला जरूर जा. जमलं तर रविवार टाळा, सकाळी लवकर निघा. काठावर प्लास्टिक टाकू नका, दारूच्या बाटल्या तर नकोतच. पाण्यात उतरायचं धाडस करू नका, तळ कुठं खोल आहे ते वरून कळत नाही. घरून आणलेला डबा खा, पण काकड्या आणि शेंगा तिथल्याच घ्या. सुगीनंतर गेलात तर चार किलो आंबेमोहोर शेतकऱ्याच्या घरून आणा. भाव करू नका. आणि विकणाऱ्या बाईला, चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्याला एक प्रश्न विचारा, ‘तुमचं जुनं गाव कोणतं?’ नकाशावर ते कदाचित मिळणार नाही. सांगणाऱ्याला मात्र ते पाठ असतं. बरोबर मुलं असतील तर त्यांनाही ते नाव ऐकू द्या.