कागद खरा असला तरी

(परभणी जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात ‘अमिस्टाड’ हा चित्रपट दाखवण्यात आला. त्यानंतर झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)

सिनेमा सुरू झाला आणि पाचच मिनिटांत मागून आवाज आला, “ताई, हे काय बोलतात ते कळंना.” मी म्हटलं, मलाही कळत नाही. ते आफ्रिकेतल्या मेंदे भाषेत बोलत होते, आणि सुरुवातीला त्याचा अर्थ पडद्यावर लिहिलेलाच नाही. म्हणजे इंग्रजी शिकलेला माणूस आणि आपल्या सोनपेठ-गंगाखेडची शाळा न पाहिलेली बाई, दोघंही तिथे सारखेच अडाणी. आपलं बोलणं समोरच्याला कळतच नसेल तर कोर्टात उभं राहणाऱ्याचं काय होतं, ते आपण अनुभवलं.

ही गोष्ट खरी घडलेली आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९७ साली तिच्यावर हा सिनेमा केला. १८३९ साली आजच्या सिएरा लिओन भागातली माणसं पकडून, साखळदंडात बांधून, जहाजातून क्युबात हवानाला आणली. आफ्रिकेतून नवे गुलाम आणायला तेव्हा स्पेनच्याच कायद्याने बंदी होती आणि क्युबा स्पेनच्या ताब्यात होतं. मग व्यापाऱ्यांनी काय केलं? कागद केले. या माणसांना स्पॅनिश नावं दिली आणि ही क्युबातलीच जुनी गुलाम माणसं आहेत असं लिहून घेतलं. रुईझ आणि मोंतेस या दोघांनी ४९ पुरुष आणि ४ मुलं विकत घेतली आणि ‘अमिस्टाड’ नावाच्या जहाजात घातली. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ मैत्री!

जुलै १८३९ च्या सुरुवातीला एका रात्री सेंग्बे पिए, ज्याला सिनेमात सिंके म्हणतात, त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी बंड केलं. कप्तान मारला गेला. मोंतेसला त्यांनी सांगितलं, उगवतीकडे जहाज ने, आम्हाला घरी जायचंय. तो दिवसा उगवतीकडे न्यायचा आणि रात्री गुपचूप तोंड फिरवायचा. असं करत जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलं. तिथल्या आरमाराने त्यांना पकडलं आणि तुरुंगात टाकलं. मग कोर्टात दावेदारांची रांग लागली. रुईझ-मोंतेस म्हणाले, माल आमचा. स्पेनचं सरकार म्हणालं, माल आमच्या प्रजेचा, परत द्या. आरमाराचे अधिकारी म्हणाले, समुद्रातून आम्ही वाचवला, आमचा हिस्सा द्या. भांडण कोणाचं आणि कशावरून चाललंय ते बघा. ज्यांच्याविषयी हे चाललं होतं त्यांना कोणी विचारायला तयार नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्यांची भाषा कोणाला येत नव्हती.

तेव्हा जोसाया गिब्ज या भाषेच्या प्राध्यापकाने एक साधी गोष्ट केली. तुरुंगात जाऊन बोटं दाखवून त्याने त्यांच्या भाषेतले एक ते दहा आकडे शिकून घेतले. मग तो न्यूयॉर्कच्या धक्क्यावर गेला आणि खलाशांमधून ते आकडे मोठ्याने म्हणत फिरला. जेम्स कोव्ही नावाच्या एका तरुण खलाशाने ते ओळखले. तो स्वतः लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला होता आणि सुटला होता. तो दुभाष्या झाला आणि पहिल्यांदा या माणसांची हकिगत कोर्टात आली. हकिगत आली आणि कागद खोटा पडला. वरिष्ठ कोर्टात ७३ वर्षांचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स त्यांच्या बाजूने उभे राहिले. ९ मार्च १८४१ ला निकाल लागला. ही माणसं कोणाचा माल नाहीत, ती पळवून आणलेली स्वतंत्र माणसं आहेत. वाचलेले ३५ जण पुढच्या वर्षी मायदेशी पोचले.

इथे तुम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण दोन गोष्टी राहून गेल्या आहेत, त्या आज बोलायच्या आहेत.

पहिली गोष्ट मुलींची. जहाजावरच्या चार मुलांपैकी तीन मुली होत्या. मार्ग्रू, तेमे आणि काग्ने. सिनेमात त्या कुठेतरी गर्दीत दिसतात. प्रत्यक्षात खटल्याच्या अगदी सुरुवातीला, सप्टेंबर १८३९ मध्ये, वकिलांनी कोर्टापुढे आधी या मुलींनाच आणलं. कारण खुनाचा आरोप त्यांच्यावर करता येत नव्हता. मग त्यांना कोणत्या कायद्याने कोंडलंय, असा सवाल होता. कोर्टाने तेव्हा सोडलं नाही. पुढे १८४१ मध्ये सगळे सुटले, तरी या मुली सुटल्या नाहीत. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने त्यांना आपल्या घरी कामाला ठेवलं होतं आणि तो सोडायला तयार नव्हता. त्यांच्यासाठी पुन्हा कोर्टात जावं लागलं. पुरुष सुटला तो तुरुंगातून. मुलींना तुरुंगातून सुटून पुन्हा कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून सुटावं लागलं. हे आपल्याला नवीन आहे का?

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. त्याच जहाजावर अंतोनिओ नावाचा एक पोरगा होता, मेलेल्या कप्तानाचा गुलाम. त्याचं काय झालं? कोर्टाने सांगितलं, याला क्युबाला परत पाठवा. कारण त्याचे कागद खरे होते! तो पुढे मदत मिळवून पळाला म्हणून वाचला. म्हणजे कोर्टाने गुलामी चूक आहे असं म्हटलंच नाही. या ठरावीक माणसांचे कागद खोटे आहेत, एवढंच म्हटलं. अमेरिकेतली गुलामी कायद्याने जायला १८६५ साल उजाडलं. कागद खोटा ठरला तर माणूस सुटतो. कागद खरा असेल तर?

आता आपल्याकडे येऊ. गुलामी म्हटलं की आपल्याला वाटतं, ते तिकडचं, काळ्या-गोऱ्यांचं. पण भांडणात आपण म्हणतो ना, “मी काय तुझी बटीक आहे का?” हा शब्द कुठून आला? पेशवाईत बटकी आणि कुणबिणी विकत घेतल्या जात, विकल्या जात, इनाम दिल्या जात. त्यांची पोरंही धन्याचीच. वाईट चालीचा आळ घेऊन सरकार बायकांना कुणबीण करून टाकी. त्याचेही कागद होत, त्यात किंमत लिहिलेली असे. इंग्रजांच्या मुलखात १८४३ च्या पाचव्या कायद्याने असा हक्क कोर्टात चालेनासा झाला. अमिस्टाडच्या निकालानंतर दोनच वर्षांनी. परभणी मात्र निजामाच्या राज्यात होती. त्या राज्यात कर्जापायी गड्याला बांधून घेणाऱ्या कराराला ‘भगेला’ म्हणत. त्याला आवर घालायला १९३६ साली नियम करावे लागले, एवढं ते माजलं होतं.

आणि आज? दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आधी उचल देतो. उचल घेतो नवरा, अंगठा किंवा सही त्याची, स्टँपवर नाव त्याचं. पण फेडायला दोघं. बाई पहाटे तीनला उठते, कोपीत भाकरी थापते, फडात ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, परत येऊन पाणी-सरपण बघते. एक दिवस पडून राहिली तर खाडा. पाळी असो, दिवस गेलेले असोत, खाडा तो खाडाच. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न गाजला. सर्वेक्षण झालं तेव्हा ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. खाडा पडू नये म्हणून बाईने अंगातला अवयव काढून द्यावा, ही कसली मजुरी?

मागे एका वस्तीवर मी एका बाईला विचारलं, “हंगाम संपला, हिशोब झाला का?” ती म्हणाली, “झाला की. बाकी निघाली.” किती ते तिला माहीत नव्हतं. उचल किती होती तेही माहीत नव्हतं. मी म्हटलं, “मग पुढच्या वर्षी नका जाऊ.” ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “घेतलेत तर फेडाया नको का? आपला कागद खरा हाय.”

मैत्रिणींनो, हीच आपली खरी अडचण. मुकादमाची दहशत आहेच. उचल फिटली नाही म्हणून माणसं डांबून ठेवल्याचे प्रकार आपण ऐकतो. पण त्याहून मोठा बंद आपल्याच मनात आहे. कागद खरा आहे, म्हणून आपण बांधलेल्या. अंतोनिओचाही कागद खराच होता.

आपला कायदा मात्र त्या अमेरिकन कोर्टाच्या पुढे गेलेला आहे, आणि हे आपल्याला पाठ पाहिजे. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी आहे. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आहे. तो कागद खरा की खोटा हे विचारत नाही. उचलीपायी माणसाला दुसरीकडे काम करायची मोकळीक राहिली नाही, येण्याजाण्याची राहिली नाही, किंवा नाममात्र मजुरीवर राबावं लागलं, तर ती वेठबिगारी. मग ते कर्ज खरं असलं तरी रद्द. शिवाय कामगाराने किंवा दक्षता समितीने सांगितलं की हे वेठीचं कर्ज आहे, तर तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर. सिंकेला आपण गुलाम नाही हे दाखवायला दोन वर्षं लागली. आपल्या कायद्यात ते ओझं धन्याच्या डोक्यावर ठेवलेलं आहे.

सुप्रीम कोर्टानेही हे सांगितलं. दिल्लीच्या एशियाड बांधकामांवरच्या मजुरांच्या खटल्यात १९८२ मध्ये कोर्ट म्हणालं, किमान वेतनाहून कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरी. पोटाची भूक हीसुद्धा सक्तीच. पुढे फरिदाबादच्या दगडखाणीतल्या मजुरांसाठी बंधुआ मुक्ती मोर्चाने नुसतं एक पत्र लिहिलं. तेच पत्र अर्ज म्हणून घेतलं गेलं. डिसेंबर १९८३ च्या त्या निकालात कोर्टाने म्हटलं की सक्तीने राबवून घेतलं जातंय हे दिसलं तर ते उचलीपायीच आहे असं धरून चालायचं, नाही म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा.

प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी, असं मी म्हणत नाही. घाईने तसं म्हणून आपलीच बाजू कच्ची करायची नाही. पण कोणती आहे आणि कोणती नाही, हे ठरवायला हकिगत लागते. आणि हकिगत बाईची लागते, कारण कागदावर ती नाहीच.

म्हणून या हंगामाआधी आपण काय करायचं? एक, जिल्ह्याच्या आणि उपविभागाच्या दक्षता समितीत कायद्याने दोन सामाजिक कार्यकर्ते असायला पाहिजेत. आपल्याकडे ते कोण आहेत, समितीची बैठक शेवटची कधी झाली, हे लेखी विचारायचं. उत्तर येईपर्यंत विचारायचं. दोन, उचल घेताना बाई हजर पाहिजे आणि कागदावर तिचंही नाव पाहिजे. यावर काही जणी म्हणतील, नाव आलं तर कर्जही अंगावर येईल. ते तर आत्ताही अंगावर आहेच. आज फक्त कष्ट तिच्या नावावर आहेत, पैसा नाही. तीन, प्रत्येक टोळीत निदान एका बाईकडे वही. दिवस, गाडी, टन, खाडा आणि त्याचं कारण. लिहिता येत नसेल तर रेघा ओढायच्या.

ही वही कोर्टात जाईलच असं नाही. पण गिब्जने सुरुवात कशाने केली होती? कायद्याच्या पुस्तकाने नव्हे, एक ते दहा आकड्यांनी. मोजायला तर आपल्या बायांना येतंच. मोळ्या त्याच मोजतात, पोरांच्या वाट्याच्या भाकरी त्याच मोजतात. आता तेच मोजणं हिशोबाच्या वहीत उतरलं पाहिजे.

जाता जाता मार्ग्रूचं सांगते. ती मायदेशी गेली, पुन्हा शिकायला अमेरिकेत आली, ओबर्लिन कॉलेजात शिकली आणि परत जाऊन शिक्षिका झाली. ज्या मुलीचं नावसुद्धा व्यापाऱ्याने कागदावर बदललं होतं, ती पुढे मुलांना अक्षरं शिकवत होती. सिनेमात हे नाही. वस्तीवर जाऊन सिनेमाची गोष्ट सांगाल तेव्हा तिचं नाव आधी सांगा.