प्रवाळाची पेटी आणि गाळणींतील रसायनें

ठाण्याची खाडी गढूळ, आणि कल्याण-डोंबिवलीच्या नळाला येतें तें उल्हास नदीचें, क्लोरीन घातलेलें पाणी. जिवंत प्रवाळास मानवेल असें पाणी या दोहोंत नाहीं. म्हणून डोंबिवलींतील दिवाणखान्यांत प्रवाळ बाळगणाऱ्यास लहानसा समुद्रच घडवावा लागतो. क्लोरीन काढलेल्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम समुद्री क्षार विरघळवावयाचे, आणि मळ शोषणारे पदार्थ गाळणींत ठेवावयाचे, हा त्याचा विधि. परंतु जो पदार्थ पाणी शुद्ध करितो, तोच अज्ञानानें वापरल्यास प्राण घेतो.

सक्रिय कोळसा पाण्याचा पिवळेपणा शोषतो. मात्र एकाच दिवसांत पाणी अगदीं नितळ झालें कीं दिव्याचा प्रकाश एकदम तीव्र होतो, आणि प्रवाळाच्या अंगांत राहून त्यास अन्न पुरविणारें सूक्ष्म शैवाल निघून जाऊन तें पांढरें पडतें. लोहाच्या प्राणिदाचे तांबूस दाणे फॉस्फेट ओढून घेतात. पण तें झपाट्यानें नाहींसें झाल्यास प्रवाळ उपाशी पडतें.

सर्वांत फसवा पदार्थ झिओलाइट. गोड्या पाण्यांत तो अमोनिया धरून ठेवतो. खाऱ्या पाण्यांत सोडियमच त्याची जागा अडवितें. सोनमाशाच्या पेटींतील जुने दाणे कोणी काटकसरीनें समुद्री पेटींत टाकले, तर धरलेला अमोनिया पाण्यांत सुटतो. आणि समुद्राच्या अल्कधर्मी पाण्यांत तो अधिकच विषारी ठरतो. सकाळीं मासे मेलेले आढळतात, आणि दोष मात्र खाद्याला दिला जातो.

उपाय साधा आहे. दाणे प्रथम स्वच्छ पाण्यांत धुवावे, अर्ध्या मात्रेनें आरंभ करावा, अमोनिया व फॉस्फेट वरचेवर तपासावें, आणि थोडथोडें पाणी बदलीत जावें.

पण याहूनही आधींचा एक प्रश्न आहे : हें प्रवाळ आलें कोठून? दगडी प्रवाळाच्या सर्व जातींस २००१ सालीं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत स्थान मिळालें. समुद्रांतून तें तोडणें वा विकणें हा गुन्हा आहे. मालवणच्या किनाऱ्याजवळ प्रवाळ आढळतें, आणि तेथील सागरी अभयारण्य १९८७ सालापासूनचें आहे. गाळणी कितीही उत्तम असली तरी खडकावरून खरवडून आणलेला जीव तिच्या योगें निर्दोष ठरत नाहीं. ज्यास समुद्राचें खरें प्रेम आहे, त्यानें प्रथम हा प्रश्न विचारावा, आणि मगच गाळणीस हात घालावा.