फडाच्या पाटीवरचे नाव



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ज्या गावाला दुरून लोक येतात, ज्या गावच्या जैन मंदिरांनी शतकानुशतके पोथ्या जपल्या, त्या कारंज्यात वसंतातल्या व्याख्यानाला तमाशाचा फड कशासाठी उभा करायचा? याचे उत्तर मी शेवटी देईन. तोवर एवढेच सांगतो की, तमाशाचा सगळा इतिहास सांगण्याचा माझा विचार नाही. फडाच्या पाटीवर बाईचे नाव कसे चढले, आणि चढल्यावर तिच्या पदरात काय पडले, एवढ्याच प्रश्नाचा विचार आपण करणार आहोत.

आपल्या विदर्भातल्या खडी गंमतीत लुगडे नेसून नाचणारा पुरुषच असे, हे आपण जाणताच. पश्चिम महाराष्ट्रातल्या ढोलकीच्या फडातही पूर्वी नाच्या पोराचेच राज्य होते. त्या फडात ज्या स्त्रिया प्रथम उभ्या राहिल्या, त्यांत संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या पवळाबाईंचे नाव अग्रभागी आहे. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, यांची कवने आणि पवळाबाईंची अदा यांनी मुंबई वेडी करून सोडली. ब्राह्मण शाहीर आणि महार समाजातली कलावतीण एका बोर्डावर उभी राहते, हाच त्या काळी केवढा गहजब! परंतु लोक पाहायला येत पवळाबाईंना, आणि फड म्हणत बापूरावांचा. पुढे उभे राहणे निराळे आणि प्रमुख असणे निराळे, हा भेद इथूनच ध्यानात ठेवावा.

आता विठाबाईंकडे येऊ. त्यांचा जन्म १९३५ साली पंढरपुरात झाला. घराणे जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावचे. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' हा फड नावाजलेला होता. त्यातच त्या लहानपणापासून वाढल्या. शाळा म्हणाल तर तीच. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीवर त्यांचे पाय तयार झाले. पुढे फड त्यांच्या नावाने चालू लागला आणि पाटीवर अक्षरे आली, 'विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर'. या नावात बापाचे नाव आहे, गाव आहे आणि जातही आहे. ज्या जातीच्या नावाने गाव माणसाला वेशीबाहेर ठेवी, तेच नाव दिव्यांच्या झगमगाटात ठळक अक्षरांत लावून ही माणसे त्याच गावाकडून तिकिटाचे पैसे घेत होती. यात किती मोठे धैर्य आहे, याचा आपण फारसा विचार केलेला नाही.

ही गोष्ट केवळ आपल्याकडेच घडली असे नाही. इंग्लंडात १९७६ च्या सुमारास 'पंक' नावाचे बंडखोर संगीत उसळले. चार-पाच पोरांनी एकत्र यावे, कर्कश वाद्यांवर लहान लहान गाणी म्हणावी, भडक कपडे घालावे आणि सभ्य समाजाला वेडावून दाखवावे, असा तो प्रकार. त्यातल्या 'एक्स-रे स्पेक्स' या लंडनच्या मेळ्यात पॉली स्टायरीन नावाची तरुणी पुढे उभी राहून गाई. तिचा बाप सोमालियाचा. दातांना तारा लावलेली ही मुलगी डोळ्यांत खुपणाऱ्या रंगांचे कपडे घालून बाजारू सौंदर्याचीच टर उडवीत असे. आपल्याकडे फडातली मावशी आणि सोंगाड्या गवळणीत देवाचीही थट्टा करतात आणि वगात राजाला, पाटलाला खाली खेचतात, त्याच्याशी याचे नाते लांबचे नाही. राज्यकर्त्यांना अशी थट्टा कुठेच सोसत नाही. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. ती उठली, पण वग आधी तपासून घेण्याची अट मागे राहिली. आपले कारंजे तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात असल्याने तो हुकूम इथवर पोचला नाही, इतकेच.

मात्र एक अंतर मोठे आहे. लंडनचा तो मेळा १९७९ मध्ये, तीन वर्षांतच मोडला, आणि मंडळी आपापल्या वाटेने गेली. आपल्या फडाला असे मोडता येत नाही, कारण फड हा गाणाऱ्यांचा मेळा असला तरी त्याहून अधिक तो एक संसार असतो. नाचणाऱ्या, ढोलकीवाला, सोंगाड्या, तंबू ठोकणारे, स्वयंपाकी आणि गाडी हाकणारे अशी पुष्कळ पोटे त्यावर असतात. हंगाम साधारण दसऱ्यापासून उन्हाळ्याच्या जत्रांपर्यंत. पावसाळ्यात मिळकत नाही, तरी कलावंतांना उचल द्यावीच लागते, आणि ती बहुधा कर्ज काढून दिली जाते. मग गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येऊन जत्रेची सुपारी ठरवितात, आणि त्या सुपारीवर मागले कर्ज फिटायचे. पाटीवर ज्याचे नाव, त्याच्या डोक्यावर हा सारा भार.

हे ध्यानात घेतले, म्हणजे विठाबाईंची सर्वतोमुखी असलेली हकिकत निराळी वाटू लागते. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या. खेळ चालू असतानाच कळा आल्या. त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला बाहेर आल्या, असे सांगतात. प्रेक्षकांच्या ध्यानात प्रकार आला तेव्हा त्यांनीच खेळ थांबवायला लावला, असेही सांगतात. ही हकिकत आपण कलेवरील निष्ठेचा दाखला म्हणून डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. निष्ठा होतीच, तीबद्दल वाद नाही. पण त्या रात्री खेळ मोडला असता तर सुपारीचे काय, उचलीचे काय, हा हिशेबही त्या माउलीच्या मनात नसेल काय? नोकरी करणाऱ्या बाईला बाळंतपणाची रजा द्यावी, असा कायदा आपण १९६१ साली केला. फडाच्या मालकिणीने ती कोणाकडे मागायची?

दुसरे उदाहरण कांताबाई सातारकरांचे. १९३९ साली गुजरातेत जन्मलेली ही मुलगी साताऱ्यास वाढली आणि मराठी बोर्डावर शिवाजी महाराजांची भूमिका करून तिने पुरुष नटांना मागे टाकले. तुकाराम खेडकरांशी त्यांची जोडी जमली, संसार झाला, आणि पाटीवर आले, 'तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर'. हा 'सह' शब्द नीट पाहा. १९६४ साली खेडकर वारले, आणि 'सह'च्या पलीकडे उभी असलेली बाई एकटी पडली. पदरात मुले घेऊन त्यांनी स्वतःचा फड पहिल्या पायरीपासून उभारला. पुढे मुलगा हाती आल्यावर पाटी झाली, 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर'. म्हणजे पुन्हा 'सह'नंतरच! उलट विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांच्या पाटीवर आईचे नाव आधी आणि मुलाचे, नितीनकुमारांचे, नाव 'सह'नंतर. एका शब्दाच्या अलीकडे येण्यास किती आयुष्ये खर्ची पडली, ते यावरून दिसते.

विठाबाईंना राष्ट्रपतींकडून १९५७ आणि १९९० साली सन्मान लाभले. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचे बिल देण्यास पैसे नव्हते. ते पुढे लोकांनी वर्गणी काढून भागविले. त्यानंतर राज्य सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, आणि त्याच्या पहिल्या मानकरी कांताबाई झाल्या. त्याही २५ मे २०२१ रोजी करोनाच्या साथीत संगमनेरास गेल्या. पुरस्कार चांगलाच आहे. पण जिच्या नावाने आपण पुरस्कार देतो, तिचे औषधपाणी होऊ शकले नाही, ही गोष्ट त्या सोहळ्यात कोणी तरी उच्चारली पाहिजे.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर. कारंज्याच्या मंदिरांनी पोथ्या जपल्या म्हणून १९३१ साली परशुराम लक्ष्मण वैद्यांना 'जसहरचरिउ' आणि १९३३ साली हिरालाल जैनांना 'णायकुमारचरिउ' छापता आले. पुष्पदंत कवी जवळजवळ एक हजार वर्षांनी पुन्हा वाचला गेला, त्यात या गावाचा वाटा आहे. जपणे म्हणजे काय, हे तुम्हांला मी सांगायला नको. फडांच्या वगांच्या वह्या, हिशेबाची चोपडी, जुन्या पाट्या आणि जाहिराती कोणी जपल्या? आपल्या गावातून, शेजारच्या जत्रांतून फड गेले असतील, तर म्हाताऱ्या माणसांना विचारा, पाटीवर कोणाचे नाव होते, 'सह'च्या अलीकडे कोण होते, आणि पेटीची किल्ली कोणाच्या कमरेला होती. जे कळेल ते वहीत तारखेसह उतरून ठेवा. ज्या बायकांना आपण टाळी दिली आणि शिटीही दिली, त्यांना आपल्या दप्तरात मालकीण म्हणून एक ओळ द्यायची अजून राहिली आहे.