इथेनॉलचा चोथा : साठवण आणि हाताळणी



मक्यापासून किंवा तांदळापासून इथेनॉल काढल्यावर मागे जो चोथा उरतो, तो वाळवून पशुखाद्य म्हणून विकला जातो. व्यापारात त्याला ‘डीडीजीएस’ म्हणतात. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या धोरणामुळे भारतात धान्यावर चालणारे इथेनॉलचे कारखाने वाढले. २०२५ साली हे मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचले आणि त्याबरोबर हा चोथाही गावोगावच्या पशुखाद्याच्या दुकानांत दिसू लागला. त्याच्या पोषणमूल्याची चर्चा पुष्कळ होते. तो ठेवावा कसा आणि उतरवावा कसा, याची फारशी होत नाही. नुकसान, आणि प्रसंगी प्राणहानी, होते ती मात्र येथेच.

शंभर किलो मक्यापासून सुमारे ३८ ते ४२ लिटर इथेनॉल मिळते आणि सुमारे ३० किलो सुका चोथा उरतो. उरलेला भाग कर्बवायूच्या रूपाने निघून जातो. किण्वनात दाण्यातील स्टार्च तेवढा खर्ची पडतो. प्रथिने, तेल व तंतू मागे राहतात, म्हणून चोथ्यात त्यांचे प्रमाण मूळ दाण्याच्या जवळजवळ तिप्पट होते. हा त्याचा गुण. परंतु वाळवताना त्यात गाळलेल्या द्रवाचा दाट पाकही मिसळलेला असतो. त्या पाकात उरलेली साखर व ग्लिसरीन असते, आणि हे दोन्ही पदार्थ हवेतील ओलावा शोषून घेतात. चोथ्याच्या चिकटपणाचे मूळ येथे आहे.

या चिकटपणाचा अनुभव सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतील आयोवा, नेब्रास्का, मिनेसोटा या मका पिकविणाऱ्या राज्यांना आला. तेथे हा माल पोत्यांत न भरता तळाशी दार असलेल्या रेल्वेच्या वॅगनांतून सुटा पाठविला जातो. मका दार उघडताच पाण्यासारखा खाली येतो. चोथ्याचे तसे होत नाही. कित्येक वॅगनांत दार उघडले तरी माल जागचा हलत नसे. कामगार बाहेरून घणांचे घाव घालीत, वॅगनांचे पत्रे वाकत आणि उतरवणीला तासन्‌तास लागत. अखेरीस काही रेल्वे कंपन्यांनी आपल्या मालकीच्या वॅगनांत हा माल भरण्यास मनाई केली.

असे का होते? वाळवणयंत्रातून निघालेला चोथा गरम असतो. तो तसाच भरला तर प्रवासात हळूहळू निवतो, आतील वाफ थंड भिंतींकडे सरकते आणि कणाकणांमधला पाक ओला होऊन पुन्हा घट्ट बसतो. वरच्या मालाचे ओझे आणि गाडीचे हादरे त्याला आणखी दाबतात. गुळाचा खडा पावसाळ्यात पाझरतो व पुढे कडक होतो, त्यातलाच हा प्रकार. मग दारावर मालाची कमान धरते, किंवा मधला माल तेवढा घसरून विहिरीसारखी पोकळी पडते आणि कडेचा माल भिंतींना चिकटून राहतो.

यावरचे उपाय साधे आहेत. माल भरण्यापूर्वी एक-दोन दिवस सपाट फरशीवर निवू द्यावा. त्यातील ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. जितका कोरडा, तितका तो सहज वाहतो. कोठी बांधावयाची असेल तर तिचा तळ तीव्र उताराचा, भिंती गुळगुळीत आणि तोंड रुंद असावे. अँड्र्यू जेनिके यांनी १९६४ साली युटा विद्यापीठातून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा कोठ्यांची आखणी कशी करावी, हे गणिताने मांडले आहे, आणि त्यांची पद्धत आजही प्रमाण मानली जाते.

कोकण व गोव्याच्या दमट हवेत पोत्यांतील मालालाही हीच काळजी हवी. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत. थप्पी फार उंच करू नये. आधी आलेला माल आधी वापरावा. ज्या पोत्यात ढेकळे झाली असतील व बुरशीचा वास येत असेल, ते जनावरांना घालू नये. मूळ धान्यात बुरशीचे विष असेल तर तेही चोथ्यात सुमारे तिप्पट होते, आणि दुभत्या जनावराच्या पोटातून त्याचा अंश दुधात उतरतो. म्हणून खरेदी करताना ओलावा व अफ्लाटॉक्सिन यांच्या तपासणीचा दाखला मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. दूध सहकारी संस्थांनी सभासदांच्या वतीने तो मागावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोठीत माल अडकला म्हणून कोणीही आत उतरू नये. वरून घट्ट दिसणारा थर आतून पोकळ असतो. पाय पडताच तो ढासळतो आणि माणूस काही क्षणांत गाडला जातो. कडेला चिकटलेली भिंतही अशीच अंगावर कोसळते. धान्यकोठ्यांतील अशा अपघातांनंतर अमेरिकन सरकारने १९८७ साली नियम केले, आणि कमान धरलेल्या मालाखाली कामगारास पाठविण्यास बंदी घातली. अडकलेला माल बाहेरून, लांब दांड्याने किंवा कंपनयंत्राने मोकळा करावा. आत जाणे अटळच असेल तर यंत्रे बंद करून कळीला कुलूप घालावे, आतील हवा तपासावी, कमरेला दोर बांधावा आणि दोर धरणारा माणूस बाहेर उभा ठेवावा.

शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना सांगावी, कारण उघड्या कोठीजवळ खेळावयास तीच प्रथम जातात. अडकलेला चोथा दुसऱ्या दिवशीही काढता येतो. गेलेला जीव परत आणता येत नाही.