एकरकमी पैसा आणि पुढचे दिवस

(जीर्णोद्धार सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नव्हे. शिक्षण एस.एस.सी. पर्यंत आणि नोकरी तालुका कचेरीत कारकुनाची. समितीने दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली म्हणून उभा आहे. नोकरीची वीस-बावीस वर्षे सात-बारा आणि फेरफाराच्या कागदांत गेली. तेव्हा बोलायचे तर त्यातलेच बोलतो.

जुनी दप्तरे काढली की आपल्या भागाची हकीगत कागदावरच वाचायला मिळते. एका पानावर बाजरी आणि हरभऱ्याची नोंद, पुढच्या पानावर भूसंपादनाचा फेरफार. पिंपरीला 1954 साली पेनिसिलिनची कंपनी आली. साठच्या दशकात बजाजचा स्कूटरचा कारखाना आपल्या आकुर्डीत उभा राहिला. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, 1970 साली आसपासची गावे मिळून नगरपालिका झाली आणि 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण आले. जमिनी जात राहिल्या, मोबदला येत राहिला.

तो मोबदला कुठे गेला, हे तुम्हा वडीलधाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. माझे आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ यांना एकाच दिवशी सारखीच रक्कम मिळाली. थोरल्यांच्या डोक्यावर सावकाराचे देणे होते आणि दोन मुली लग्नाच्या होत्या. त्यांचा पैसा वर्षात संपला. धाकट्यांनी जीप घेतली. आमच्या आजोबांनी ओढ्याकडच्या बाजूला पत्र्याच्या चार खोल्या बांधून कारखान्यातल्या कामगारांना भाड्याने दिल्या. तेव्हा भावकीत त्यांना सर्वांनी चिक्कू म्हटले. त्या भाड्यावर माझ्या वडिलांचे शिक्षण झाले आणि त्यातल्याच एका खोलीत माझा जन्म झाला.

परंतु थोरल्या आजोबांना नावे ठेवायला मी तयार नाही. सावकार दारात बसला असता ‘पुढच्या पिढीचे बघू’ असे कोण म्हणेल? जमीन दर साली थोडे थोडे देते, आणि चेक सगळे एकदम देऊन मोकळा होतो. साऱ्या आयुष्यात कधी न पाहिलेली रक्कम एका सकाळी हातात आली आणि तिचे काय करायचे हे त्याच सकाळी ठरवावे लागले, इथेच माणसे फसली. आजोबा जास्त हुशार होते असेही नाही. नोटीस आल्यापासून पैसा मिळेपर्यंत बराच काळ गेला, त्यात त्यांनी आजीशी बसून वाटणी ठरवून ठेवली होती, एवढेच. आजी शिरूरकडची, कोरडवाहू मुलखातली. कितीही टंचाई आली तरी बियाण्याच्या गाडग्याला हात लावायचा नाही, हे तिला माहेरीच शिकवलेले.

आता आपल्या दारातल्या कारखान्याचेच पाहा. 1972 साली चेतक स्कूटर आली. पैसे भरून वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहणारी माणसे या सभेतही असतील. दारात एवढी रांग असताना ती एक दिवस मोडेल हे मनात येणे फार कठीण. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून जपानी कंपन्यांच्या सहकार्याने बनलेल्या मोटारसायकली आल्या आणि हळूहळू गिऱ्हाईक तिकडे वळले. कंपनीने 1999 साली चाकणला नवा कारखाना काढला, 2001 साली पल्सर आणली, आणि 2007 च्या सप्टेंबरात आकुर्डीत गाड्या बनणे थांबले. पुढे 2009 मध्ये स्कूटरच बंद करण्याचे जाहीर झाले. त्या वेळी आकुर्डी संपली असे म्हणणारे पुष्कळ भेटले. परंतु कंपनीची मुख्य कचेरी आणि संशोधनाचे खाते इथेच राहिले होते. 2019 साली तीच चेतक विजेवर चालणारी होऊन आली, आणि 2022 च्या जूनमध्ये तिचा नवा कारखाना आकुर्डीतच सुरू झाला. आजीच्या भाषेत सांगायचे तर बियाण्याचे गाडगे शिल्लक होते.

आपल्या पट्ट्यात स्वेच्छानिवृत्तीचे पैसेही अनेक कारखान्यांतून अनेकदा वाटले गेले. हा गावाला मिळालेला दुसरा मोबदलाच म्हणायचा. पुन्हा एकरकमी, पुन्हा तीच सकाळ. माझे एक चुलते त्या रकमेवर दोन वर्षे राजासारखे राहिले आणि नंतर दुसऱ्याच्या गोदामावर रात्रपाळीचे पहारेकरी झाले.

हडपसरला मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांवर जमीन विकण्याऐवजी एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले आणि 2000 सालच्या सुमारास नगर वसवायला घेतले. पुष्कळ जण हे उदाहरण देऊन आपल्या वाडवडिलांना दोष देतात. ते बरोबर नाही. आपल्याकडे सरकारी संपादन होते, निवड आपल्या हातात नव्हती. पण पैसा आल्यावरची निवड आपलीच होती, हेही खरे.

मी स्वतःही धुतल्या तांदळासारखा नाही. आईच्या ऑपरेशनला मुदत ठेव मोडली, त्याचा मला पस्तावा नाही. ठेव असते कशासाठी? पण घराच्या वास्तुशांतीला भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून पाचशे पाने उठवली, ती मात्र आजही घशात अडकतात. मुलीच्या कॉलेजच्या फीला त्याच पैशांसाठी मला पतपेढीत उभे राहावे लागले.

हे सगळे आज देवळात का सांगतो? मागच्या पिढीने या देवळाची दुरुस्ती केली तेव्हा कलशारोहण थाटात झाले, गावजेवण झाले, आणि छताच्या पन्हाळीला पैसे उरले नाहीत. तेच पाणी भिंतीत मुरत राहिले. जीर्णोद्धाराचा बराचसा खर्च त्या मुरलेल्या पाण्यापायी झाला, हे समितीने छापलेल्या हिशेबात दिसेल.

आज देणगीतून काही रक्कम शिल्लक आहे. काही मंडळींची इच्छा चांदीच्या मखराची आहे. त्यांची भक्ती माझ्यापेक्षा कमी नाही, आणि देणगीदारांना आपला पैसा डोळ्यांना दिसावा असे वाटणेही रास्तच आहे. माझे मत एवढेच, की ती रक्कम देवस्थानच्या नावे कायम ठेव म्हणून ठेवावी, मूळ रकमेला हात लावू नये, आणि व्याजातून दरवर्षी छत, पन्हाळी व रंग यांचे काम करावे. मखरासाठी वेगळी वर्गणी काढा, पहिली पावती माझ्या नावाने फाडा.

येत्या रविवारी समितीची बैठक आहे. ज्येष्ठात तुकोबारायांची पालखी आकुर्डीत मुक्कामाला येते तेव्हा पाऊसही सोबत असतोच. त्याआधी निर्णय व्हावा, ही विनंती.

रामकृष्ण हरी.