मुकें मूल आणि बोलकी शाळा

प्राथमिक शाळेची पारख आपण पुष्कळदां तिच्या शांततेवरून करतों. टांचणी पडली तरी ऐकूं यावी असा ज्यांचा वर्ग, ते गुरुजी उत्तम! परंतु सहा-सात वर्षांचें मूल शिकतें तें बरेंचसें बोलून. मनांतील कल्पना शब्दांत मांडतांना ती त्याची त्यालाच स्पष्ट होते; आणि त्याला काय उमगलें, कोठें अडलें, हें तें बोलल्यावांचून शिक्षकाला तरी कसें कळावें?

हा विचार आपल्याकडे ज्यांनीं आचरणांत आणला, त्यांत गिजुभाई बधेका अग्रगण्य होते. १९२० सालीं भावनगरास दक्षिणामूर्ति संस्थेंत त्यांनीं बालमंदिर उघडलें. मारिया माँटेसरी यांचीं तत्त्वें त्यांनीं स्वीकारलीं. पण गोष्टी व गाणीं घेतलीं तीं आपल्याच मातींतलीं. पुढें ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, व १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

१९४५ सालीं ताराबाईंनीं तेव्हांच्या ठाणें, आतांच्या पालघर जिल्ह्यांतील बोर्डी येथें काम आरंभिलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. गरिबांचीं मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत गेली, तीच अंगणवाडी. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठीं हें कार्य चाललें. गुरें राखणाऱ्यांसाठीं कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांच्या जागीं शिंपले, बिया व पानें आलीं. १९७५ सालीं सुरू झालेल्या सरकारी योजनेमुळें अंगणवाडी हें नांव देशभर पोंचलें.

या प्रयोगांतून शहरांतील शाळांनाहि घेण्यासारखें पुष्कळ आहे. घरीं वारली, अहिराणी किंवा कोंकणी बोलणारें मूल वर्गांत पहिलें वाक्य बोलतें, आणि सारे हंसतात. त्या दिवसापासून तें गप्प बसतें. कांहीं महिन्यांनीं आपण त्याला मंद ठरवितों. येथें नुकसान एका धड्याचें होत नाहीं, साऱ्या शिक्षणाचें होतें.

यावर उपाय साधा आहे. मुलानें घरचा एखादा प्रसंग आपल्या बोलींत सांगावा. शिक्षकानें तेंच वाक्य फळ्यावर लिहावें. मुलानें तें वाचावें. आपलें बोलणेंच अक्षरांत उतरतें, हें त्याला दिसलें म्हणजे वाचनाची भीति जाते. मग शेजारीं पुस्तकी भाषेंतील वाक्य लिहावें. घरची बोली न सोडतां मूल दुसरी भाषा जोडून घेतें.

“चाळीस मुलांत हें जमावें कसें?” असें कोणी विचारील. पस्तीस मिनिटांच्या तासांत एकेकास उभें केलें, तर प्रत्येकाच्या वांट्यास एक मिनिटहि येत नाहीं. पण दोघांदोघांनीं एकमेकांस सांगावयाचें ठरविलें, तर एकाच वेळीं वीस मुलें बोलतात व वीस ऐकतात. वर्गांत गलबला होईल खरा. पण तो कामाचा गलबला असेल. शिक्षकानें त्यांतून फिरावें, कान द्यावा, आणि जेथें अडेल तेथेंच हात द्यावा.

पालकांसहि एक विनंति आहे. संध्याकाळीं मूल घरीं आलें, म्हणजे गुणांची चौकशी जरा मागें ठेवा. शाळेंत शिकलेली एखादी गोष्ट त्याला आजीस समजावून सांगूं द्या. तें अडखळेल, शब्द शोधील. तेव्हां त्याचें वाक्य आपण पुरें करूं नये. थोडा धीर धरावा.